फोटोच्या पाठीवर

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चार महिने उरले होते आणि नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, जेवणाआधी अर्धा तास पडद्यावर जुने फोटो दाखवू. तुझ्याकडे आहेतच ना सगळे." मी हो म्हणून बसले. आहेत म्हणजे आहेत, पण कुठे? बाहेरच्या दोन हार्ड डिस्क, बंद पडलेला एक लॅपटॉप, सात-आठ पेन ड्राइव्ह, घरातल्या सगळ्यांचे जुने फोन, लग्नांच्या सीडींचा एक डबा आणि माळ्यावर आईच्या ट्रंकेत अल्बम. चार टीबीची नवी डिस्क आणली, 'आवक' नावाचं एक फोल्डर केलं आणि त्यात सगळं ओतलं. आकडा आला ६३,४१८. त्यात बाबा नेमके कुठे आहेत, हे सांगणारं काहीही नव्हतं.

नावं मी पूर्वी घातली होती, हेच तर दुखणं. लेक पाचवीत असताना एका मे महिन्यात रोज रात्री बसून, तेव्हा चलतीत असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये चेहऱ्यांभोवतीच्या चौकोनांखाली नावं लिहिली. पुढे कॉम्प्युटर बदलला, फोटो नव्यावर नेले, नावं आलीच नाहीत. ती प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत होती, फोटोच्या फाइलीत नव्हती. फाइलीत लिहायची सोय सेटिंगमध्ये होती, मी ती सुरू केली नव्हती. जन्मभर लोकांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या वेळी पावत्या तेवढ्या घरी आणून खतावणी दुकानात विसरले.

त्याच आठवड्यात साताऱ्याच्या आत्याने तिच्याकडचे फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पाठवले. आमच्याकडचे १९६१ च्या आधीचे फोटो पुण्यात नाहीतच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा घर नारायण पेठेत, तळमजल्यावर. बाबा अठरा वर्षांचे होते. चिखलातून ट्रंक निघाली, पण आतल्या फोटोंचा एकमेकांना चिकटून ठोकळा झाला होता. उरले ते आजीने पत्रांबरोबर लेकीला साताऱ्याला पाठवलेले तेवढेच, एकोणचाळीस.

त्यातला एक उलटा करून पाहिला. पाठीवर आजीचं शाईतलं अक्षर : 'चि. सौ. अक्का व बाळ. माघ, शके १८८२. सातारा.' कोण, केव्हा, कुठे, तिन्ही. साठ वर्षांत हा फोटो तीन घरं फिरला, पण नाव आणि साल त्याच्या पाठीला चिकटून बरोबर राहिलं. मला कॉम्प्युटरवर नेमकं एवढंच हवं होतं. फाइल कुठेही गेली, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडली, तरी तिच्या पाठीवरचं तिच्याबरोबर जायला हवं.

(शकात ७८ मिळवून मी साल १९६० टाकलं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "माघ आहे ना? मग एकसष्ट. पुराच्या आधी पाच महिने." जानेवारी उजाडला की ७९ मिळवायचे, हे बाबांना सांगावं लागत नाही.)

फोटो लावायचं सॉफ्टवेअर म्हणून डिजीकॅम घेतलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं आणि चेहरे ओळखण्याचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर करतं, फोटो कुठे पाठवावे लागत नाहीत. दिसायला जरा कारखान्यासारखं आहे, पहिल्या दिवशी दडपायला होतं. मी सर्वांत आधी मेटाडेटाच्या, म्हणजे फाइलीच्या पाठीवरच्या माहितीच्या, सेटिंगमध्ये जाऊन नावं, मथळे, तारखा, चेहऱ्यांचे टॅग हे सगळं फाइलीत लिहायच्या खुणा केल्या. एकदा तोंड पोळलंय.

पण उत्साहात क्रम चुकला. आठ दिवस टॅग घालत बसले आणि मग लक्षात आलं की एकेक फोटो तीन-तीन ठिकाणी आहे. नक्कल शोधायला च्काफ्का नावाचा छोटा प्रोग्रॅम घेतला. पोलिश भाषेत त्याचा अर्थ उचकी. हरवलेला फोटो कुणीतरी आठवतंय म्हणून उचकी लागते, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला. तो प्रत्येक फाइलीच्या आतल्या मजकुराची एक बेरीज काढतो आणि बेरीज तंतोतंत जुळली की नक्कल म्हणतो. फाइलीचं नाव वेगळं असलं तरी चालतं. पण आत एक अक्षर बदललं तरी बेरीज बदलते. मी आठ दिवस जे टॅग लिहिले होते ते फाइलींच्या आतच लिहिले होते, त्यामुळे टॅग घातलेली प्रत आणि न घातलेली प्रत त्याच्या लेखी दोन वेगळे फोटो झाले. सगळं पुसलं, मूळ डिस्कवरून 'आवक' पुन्हा भरलं आणि आधी नकला काढून टाकल्या. बावीस हजारांच्या वर फाइली गेल्या. टॅगला हात लावायच्या आधी नकला काढून टाकायच्या, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आठ रात्री वाचल्या असत्या.

तंतोतंत नकला संपल्या की दिसायला सारखे फोटो उरतात. एकाच फोटोची मूळ प्रत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली बारकी प्रत, असे. इथे बेरीज कामाची नाही. डिजीकॅममध्ये सारखेपणावर शोधता येतं, किती टक्के सारखे ते आपण ठरवायचं. मी ९० वर ठेवलं. ८० केलं तेव्हा त्याने गणपतीच्या सलग अकरा वर्षांच्या आराशी एकच म्हणून दाखवल्या. त्याचंही चूक नाही, थर्माकोलचं तेच मखर आम्ही अकरा वर्षं वापरलं. या याद्या डोळ्यांनी बघूनच पुसायच्या, यंत्रावर सोडायच्या नाहीत. मोठी प्रत ठेवायची. आणि व्हॉट्सअ‍ॅपची एकच प्रत उरली असेल तर तिच्यात काढल्याची तारीख नसते. फाइलीच्या नावात असते ती पाठवल्या-मिळाल्याची. त्यामुळे आजोबांच्या मुंजीतला फोटो २०१८ च्या एप्रिलात येऊन बसला होता.

मग तारखा. इथे मी सर्वांत जास्त रमले, म्हणून थोडं सविस्तर.

२००९ च्या डिसेंबरातलं चुलतबहिणीचं लग्न. तीन कॅमेऱ्यांचे मिळून नऊशे फोटो आणि वेळेप्रमाणे लावले की भलतंच लग्न. आधी वरात, मग सीमांतपूजन, मध्येच जेवणाची पंगत. भावाच्या कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली होती, त्याचं घड्याळ २००७ च्या १ जानेवारीपासून नव्याने चालू झालेलं. दुबईहून आलेल्या भाऊजींच्या कॅमेऱ्यात दुबईची वेळ, म्हणजे दीड तास मागे. तिसरा कॅमेरा कार्यालयातल्या फोटोग्राफरचा. तिन्ही घड्याळं जुळवायला तिघांनीही टिपलेला एकच क्षण हवा होता. तो मराठी लग्नात आयताच असतो. अंतरपाट खाली येतो, अक्षता हवेत असतात आणि ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याचं बोट दाबलं जातंच. तिन्ही कॅमेऱ्यांत हवेतल्या अक्षता सापडल्या.

आता त्या क्षणी खरे किती वाजले होते? पत्रिका कपाटात होती : मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे. फोटोग्राफरचं घड्याळ म्हणत होतं १२ वाजून ४१. मी पत्रिकेची बाजू घेतली नाही. शेवटच्या मंगलाष्टकाला एखादी मावशी स्वतःची रचना घेऊन पुढे आली की चार मिनिटं जातातच. १२.४१ धरलं. डिजीकॅममध्ये फोटो कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे वेगळे काढता येतात. भावाच्या कॅमेऱ्याचे सगळे निवडले, वेळ बदलायच्या हत्यारात अक्षतांच्या फोटोची दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांतला फरक दिला आणि तीनशे फोटो एका झटक्यात २००७ मधून २००९ मध्ये आले. भाऊजींचे एक तास एकतीस मिनिटांनी पुढे. दीड तास दुबईचा, वरचं एक मिनिट त्यांचं स्वतःचं. पुन्हा लावून बघितलं तर लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ लागलं, इतकं की मुलीचे मामा तिला बोहल्यावर आणताना कुठे थांबून रुमालाने डोळे पुसतात तेही तीन बाजूंनी दिसलं.

ही दुरुस्ती करताना एकच काळजी घ्यायची : ज्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलंय त्याच्याच फोटोंवर करायची आणि एकदाच करायची. मी एका तुकडीवर दोनदा केली आणि दोनशे पाहुणे २०१२ मध्ये गेले.

स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख म्हणजे स्कॅन केल्याची तारीख, ती बदलावीच लागते. पण आजीने नुसतं 'माघ' लिहिलंय आणि सॉफ्टवेअरला दिवस, तास, मिनिट सगळं हवं. माझा ठराव असा : महिना माहीत असेल तर त्याची १ तारीख, नुसतं साल माहीत असेल तर १ जानेवारी, दुपारचे बारा आणि जोडीला 'तारीख अंदाजे' असा टॅग. त्या टॅगशिवाय दहा वर्षांनी कुणी तरी छातीठोकपणे सांगेल की आमच्या घरची सगळी बारशी १ जानेवारीला झाली.

स्कॅनिंगचं थोडक्यात. चार बाय सहा इंचांची प्रिंट ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर, पुरते, २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. काकांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीचे सव्वादोन इंची चौकोनी फोटो होते, ते १२०० वर केले. टिफ स्वरूपात साठवले आणि त्या फोल्डरला कुलूप, म्हणजे फक्त वाचायची परवानगी. दुरुस्त्या नेहमी प्रतीवर. जेपेग पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा झिजतो, टिफ झिजत नाही. पाठही स्कॅन केली, पुढच्या बाजूचाच क्रमांक देऊन शेवटी 'पाठ' असं जोडून. निगेटिव्हांसाठी एका मित्राचा स्कॅनर आणला होता, त्यात इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय होती. रंगीत निगेटिव्हवर ती झकास चालली, कृष्णधवलवर चेहरे खरवडल्यासारखे आले. कारण कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते, म्हणून यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. ती सोय बंद केली आणि मऊ ब्रश घेतला.

रंगांचं प्रकरण आईमुळे लांबलं. सत्तरीच्या दशकातल्या रंगीत प्रिंट लालसर झाल्या होत्या. त्यांतला निळसर रंग आधी उडतो, मग उरतो तो लाल-पिवळा. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये एका बटनावर रंग सुधारायची सोय आहे. तिने माझ्या बारशातली आईची पैठणी हिरवी केली. आई मागून म्हणाली, "हिरवी कुठली? चिंतामणी होती." बटन सोडून लेव्हल्सची खिडकी उघडली आणि लाल, हिरवा, निळा एकेक करून, आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथपर्यंत टोकं सरकवली. पांढऱ्याला आधार म्हणून आजोबांचं धोतर धरलं. चिंतामणी होईना. शेवटी आईने कपाटातून मलमलीत गुंडाळलेली खरी पैठणी काढली आणि स्क्रीनला लावून धरली. "हं, अजून निळं." रात्री दिव्याखाली जुळवलं, सकाळी उजेडात बघितलं तर जांभळं. दुसऱ्यांदा दिवसा केलं, खिडकीला पाठ करून. एका फोटोला तीन तास लागले, बाकीच्यांना मग तेच आकडे थोडे इकडेतिकडे करून चालले.

भाच्याचं म्हणणं होतं की हे सगळं फोनमधलं एक अ‍ॅप दोन सेकंदांत करतं. त्याने पणजीचा फोटो त्यात घातला. डाग गेले, सुरकुत्या गेल्या, डोळे पाणीदार झाले आणि नथ गेली. यंत्राने नथ हा ओरखडा समजून गालाच्या कातडीने बुजवली होती. पणजी नथ काढत नसे, असं बाबा सांगतात. त्या अ‍ॅपने दिलेली बाई छान होती, पण आमची पणजी नव्हती. तो फोटो पुसायला लावला. नाहीतर तो घराच्या ग्रुपवर फिरून तोच खरा झाला असता.

नावांकडे परत. चेहरे ओळखण्याचं काम यंत्र बरंच बरं करतं, पण आधी प्रत्येकाचे वेगवेगळ्या वयांतले दहा-पंधरा चेहरे आपण हाताने सांगायचे. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका त्याला जड जातात, लहान मुलं तर सगळी सारखीच. विशीतल्या बाबांना त्याने माझ्या लेकाचं नाव सुचवलं, एकदा नाही, सतरा वेळा. लेकाला दाखवलं तर म्हणाला, "शर्ट भारी आहे."

इथेच मराठीमुळे एक गोची झाली, ती कुठे वाचायला मिळाली नव्हती. आत्याकडच्या फोटोंना मी टॅग दिला होता 'पानशेतच्या पुरातून वाचलेले'. खात्री म्हणून फाइल भाच्याच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच एका प्रोग्रॅममध्ये उघडली. तिथे दिसलं 'पानशेतच्या पुरातून वाच' आणि पुढे एक चौकोन. फाइलीत टॅग दोन ठिकाणी लिहिले जातात. आयपीटीसी नावाच्या जुन्या रकान्यात एका टॅगला ६४ बाइटच जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, पाय मोडण्याच्या चिन्हालासुद्धा तीन. म्हणजे हाती एकवीस चिन्हं. माझा टॅग ७४ बाइटांचा होता. 'वाच' पर्यंत आला आणि 'ल' अर्धवट कापला गेला, तोच तो चौकोन. एक्सएमपी या नव्या रकान्यात ही अडचण नाही, तिथे टॅग पूर्ण होता. तो प्रोग्रॅम जुना रकाना आधी वाचत होता. तेव्हापासून टॅग दोन शब्दांचे, 'पूर १९६१' असे. लांबलचक सांगायचं ते मथळ्यात. फाइलीचं नाव मात्र मी इंग्रजी अक्षरांत आणि साल-महिना-दिवस या क्रमाने देते. नावात देवनागरी घातली की कुठला तरी टीव्ही किंवा कारमधला पडदा हमखास रुसतो.

दुसऱ्या यंत्रावर उघडून बघणे, हीच माझी परीक्षा झाली. दर शनिवारी त्या आठवड्यातले पाच फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन भाच्याकडे जायचं आणि नाव, तारीख, मथळा दिसतात का ते बघायचं. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यातल्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या कच्च्या, फाइली मी डार्कटेबल नावाच्या प्रोग्रॅममध्ये करते, तिथे पाठ वेगळी असते : मूळ फाइलीला तो हात लावत नाही, शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल ठेवतो. मूळ नेली आणि शेजारीण राहिली की केलेलं काम गेलं. फोल्डर उचलायचं ते अख्खं.

शेवटचं काम प्रतींचं. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने ३-२-१ चा नियम लोकप्रिय केला : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिची घराबाहेरची प्रत साताऱ्याला होती. माझी एक डिस्क आता नाशिकला भावाकडे असते. तो गणपतीला येताना ती आणतो आणि पुण्यातली ताजी घेऊन जातो. पहिल्या वर्षी तो ती विसरून आला, म्हणून आता मोदकांच्या आधी डिस्क विचारते.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री २११ फोटो निवडून झाले. पण सत्त्याण्णव चेहरे 'अनोळखी' म्हणून उरले होते, बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातले. ते डिजीकॅममधून चौकोनी कापून, क्रमांक घालून, एका पानावर बारा असे छापले आणि हॉलमध्ये हात धुवायच्या जागेजवळ भिंतीवर लावले. शेजारी दोऱ्याला बांधलेल्या चार पेन्सिली. जेवून येणारा प्रत्येक जण तिथे थांबला. सत्तरीच्या पुढचे तर खुर्च्या घेऊन बसले. "अगं, हा आमचा टांगेवाला." "छे, हे कुलकर्णी मास्तर." आत्याने एकटीने चौदा नावं लिहिली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, चष्म्याशिवाय. संध्याकाळी पानं काढली तेव्हा बावन्न चेहऱ्यांखाली काही ना काही लिहिलेलं होतं.

४३ क्रमांकाच्या चेहऱ्याखाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन वेगळी नावं आहेत. तिन्ही टॅग घातलेत, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह देऊन.